ब्रूअरसाठी कोण उभं राहिलं?

मागच्या अंकात जॉर्जियात २०११ मध्ये देहदंड दिलेल्या ट्रॉय डेव्हिसवर आणि अमेरिकेतल्या देहदंडातल्या वंशभेदावर लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतली चार इथे घेतली आहेत. एका पत्राचं उत्तर लांबलंय, तेवढं चालवून घ्या.

प्रश्न : देहदंडात वंशभेद आहे असं तुम्ही ठामपणे लिहिता. मी आकडे काढून पाहिले. १९७६ नंतर अमेरिकेत ज्यांना देहदंड दिला गेला, त्यांत निम्म्याहून जास्त गोरे आहेत. मग भेद कुठे आहे?
— एक वाचक, सिएटल

उत्तर : तुम्ही गुन्हेगाराचा रंग मोजलात. आता ज्याचा खून झाला त्याचा मोजा. अमेरिकेत खून होणाऱ्यांत साधारण निम्मे कृष्णवर्णीय असतात. पण ज्या खटल्यांचा शेवट देहदंडात झाला, त्यांतले बळी पाहिले तर शंभरात पंचाहत्तरच्या आसपास गोरे. गोऱ्याच्या खुनासाठी कृष्णवर्णीयाला देहदंड, अशी उदाहरणं तीनशेच्या घरात आहेत. उलट दिशेची वीस-बावीस.

तुम्ही म्हणाल, उलट दिशेचे खूनही कमीच होतात. बरोबर आहे. नुसत्या बेरजेवर थांबता येत नाही ते म्हणूनच. आयोवाचे कायद्याचे प्राध्यापक डेव्हिड बाल्डस आणि त्यांचे सहकारी थांबले नाहीत. त्यांनी जॉर्जियातल्या १९७० च्या दशकातल्या जवळपास अडीच हजार खटल्यांच्या फायली उघडल्या. खून कसा झाला, सोबत दरोडा होता का, आरोपीवर आधीचे गुन्हे किती, अशा २३० वर बाबी नोंदवल्या. त्यांतल्या ३९ बाबी हिशोबात धरूनही निघालं ते असं, की गोऱ्याचा खून करणाऱ्याला देहदंड होण्याची शक्यता कृष्णवर्णीयाचा खून करणाऱ्याच्या ४.३ पट. म्हणजे गोऱ्यालाच मारणारा गोराही या भेदात सापडतो. तुमचा निम्म्याहून जास्त गोऱ्यांचा आकडा आणि माझं म्हणणं यांत भांडण नाही ते यामुळे.

जॉर्जियात देहदंडाची शिक्षा झालेल्या वॉरन मॅक्लेस्की या कृष्णवर्णीयाच्या वकिलांनी हा अभ्यास सर्वोच्च न्यायालयात नेला. १९८७ मध्ये ५ विरुद्ध ४ असा निकाल लागला. अभ्यास बरोबर आहे असं धरून चालतो, पण याच खटल्यात याच आरोपीबाबत कोणी हेतुपुरस्सर भेद केला हे दाखवा, असं न्यायालय म्हणालं. निकाल लिहिणाऱ्या न्या. पॉवेल यांना आणखी एक धास्ती होती, की हे मान्य केलं तर उद्या प्रत्येक शिक्षेवर हाच आक्षेप येईल. विरोधी मत लिहिताना न्या. ब्रेनन यांनी याला न्याय फारच जास्त होईल याची भीती म्हटलं. मॅक्लेस्कीला सप्टेंबर १९९१ मध्ये विजेच्या खुर्चीत बसवलं. त्याच वर्षी निवृत्त पॉवेल आपल्या चरित्रकाराला म्हणाले, एखाद्या खटल्यातलं माझं मत बदलायचं झालं तर मी याच खटल्यातलं बदलेन. मॅक्लेस्कीला त्याचा काय उपयोग?

माझी नोकरीची बहुतेक वर्षं जॉर्जियातच गेली, देहदंडाचे खटले लढवणाऱ्या बचाव वकिलांच्या कचेरीत. काम काय, तर आरोपीचं आख्खं आयुष्य कागदावर गोळा करायचं. शाळेचे दाखले, दवाखान्याच्या नोंदी, आईच्या तोंडून बाळंतपणाची हकिगत. मी वकील नाही. पण कोर्टांच्या तळघरांत जुनी बाडं उपसताना एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिली : सारख्याच वाटणाऱ्या दोन खुनांत एका जिल्ह्याच्या सरकारी वकिलानं, म्हणजे डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नीनं देहदंड मागितलेला असायचा, दुसऱ्यानं जन्मठेपेवर तडजोड केलेली असायची. एका जोडीवरून काही सिद्ध होत नाही. म्हणून बाल्डस लागतात.

प्रश्न : ताई, ट्रॉय डेव्हिसबद्दलचं तुमचं लिखाण पटलं. पण ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं मला कोंडीत पकडलं. तो म्हणाला, आरोपी कृष्णवर्णीय असला की तुम्हा लोकांना देहदंड रानटी वाटतो, आणि चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जणांना गोळ्या घालणारा डिलन रूफ समोर आला की तुम्ही गप्प. मला उत्तर सुचलं नाही.
— एक वाचक, डॅलस

उत्तर : तुमच्या सहकाऱ्याचा सूर खवचट असेल, पण प्रश्न खरा आहे.

२१ सप्टेंबर २०११ ची संध्याकाळ घ्या. जॉर्जियात त्या दिवशी ट्रॉय डेव्हिसचा देहदंड ठरला होता. कृष्णवर्णीय माणूस, सव्हानामध्ये १९८९ साली एका गोऱ्या पोलिसाचा खून केल्याचा आरोप, नऊपैकी सात साक्षीदारांनी आपली साक्ष पूर्ण किंवा काही अंशी फिरवलेली. त्याच संध्याकाळी टेक्ससमध्ये लॉरेन्स ब्रूअरचा देहदंड होता. हा गोरा, वर्णश्रेष्ठत्व मानणाऱ्या टोळीतला. १९९८ मध्ये जॅस्पर गावात त्यानं दोघा साथीदारांबरोबर जेम्स बर्ड या कृष्णवर्णीय माणसाला पिकअप ट्रकमागे साखळीनं बांधून तीन मैल फरफटत नेऊन मारलं होतं. शेवटपर्यंत त्याला पश्चात्ताप नव्हता.

मी त्या दिवशी जॅक्सनला, तुरुंगाबाहेरच्या गर्दीत होते. डेव्हिसची वेळ सातची होती. सर्वोच्च न्यायालयाचा निरोप येईना म्हणून ती लांबत गेली आणि रात्री ११ वाजून ८ मिनिटांनी त्याला मृत जाहीर केलं. ब्रूअरला टेक्ससच्या घड्याळाप्रमाणे ६ वाजून २१ मिनिटांनी, म्हणजे आमच्याकडे सात एकवीसला. आम्ही डेव्हिससाठी गात असतानाच ब्रूअर गेला होता. कोणीतरी फोनवर बातमी वाचून दाखवली. दोघा-तिघांनी मान हलवली, गाणं पुढे चालू राहिलं.

त्याबद्दल मी कोणाला बोल लावत नाही. कदाचित निर्दोष असलेल्या माणसासाठी जीव जितका तुटतो, तितका ब्रूअरसाठी तुटावा अशी सक्ती कोणावर नाही. पण जीव तुटणं वेगळं आणि विरोध वेगळा. शिक्षेला तुमचा विरोध आहे की नाही हे डेव्हिसवरून कळत नाही. निर्दोषाला मारू नये हे तर देहदंडाचे समर्थकही म्हणतात. ते कळतं ब्रूअरवरून.

आता रूफ. वंशभेदाचा मुद्दा रूफच्या बचावाला चालत नाही, आणि ओढूनताणून चालवूही नये. बाल्डस यांच्या आकड्यांतच त्याचं कारण आहे. भेद सर्वांत जास्त दिसतो तो मधल्या पट्ट्यात, जिथे देहदंड द्यावा की जन्मठेप असा प्रश्न खरोखर पडू शकतो. गुन्हा अगदी टोकाचा असला की ज्यूरी रंग न पाहता देहदंड देते. रूफ त्या टोकाला आहे. तेव्हा वंशभेद एवढं एकच कारण तुमच्या हातात असेल, तर तुमचा सहकारी जिंकला. तो पुढे असंही म्हणू शकतो, की भेद घालवायचा तर कृष्णवर्णीयांना मारणाऱ्या गोऱ्यांनाही धडाधड देहदंड द्या, हिशोब बरोबर होईल. ब्रूअरच्या देहदंडात अनेकांना तेच दिसलं : कृष्णवर्णीयाच्या जिवाची किंमत टेक्ससनं एकदाची मानली. ही भावना मला समजते. जिथे शंभर वर्षं जमावानं झाडाला टांगलेल्यांचा खटलासुद्धा उभा राहिला नाही, तिथे ती असणारच.

माझा विरोध तिथे संपत नाही, कारण टोकाच्या गुन्ह्यांसाठी म्हणून उघडलेलं दार तेवढ्यापुरतं उघडं राहत नाही. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जॉर्जियाचा नवा कायदा उचलून धरला, त्यानुसार सगळ्या खुनांना नाही, निवडक खुनांनाच देहदंड होता. पण त्या निवडीच्या यादीत एक कलम होतं, खून अत्यंत नीच, भयंकर किंवा अमानुष असेल तर. सांगा, कुठल्या खुनाचं वर्णन चांगला सरकारी वकील असं करू शकणार नाही? १९८० मध्ये न्यायालयालाच त्या कलमाला आवर घालावा लागला.

दुसरं उदाहरण ताजं आहे. सतरा वर्षं बंद असलेले संघराज्य सरकारचे देहदंड ट्रम्प सरकारनं जुलै २०२० मध्ये पुन्हा सुरू केले. पहिला कोण निवडला? डॅनियल लुईस ली, गोरा वर्णश्रेष्ठत्ववादी, एका कुटुंबाच्या हत्येत दोषी, बळींमध्ये आठ वर्षांची मुलगी. त्याच्यासाठी कोण रस्त्यावर येणार? जानेवारी २०२१ पर्यंत तेराजण मारले गेले. पहिल्या सहांत एकही कृष्णवर्णीय नव्हता. पुढच्या सातांत सहा होते. त्यांत ब्रँडन बर्नार्ड होता, गुन्ह्याच्या वेळी अठरा वर्षांचा, ज्याला देहदंड देणाऱ्या ज्यूरीतल्याच काहींनी पुढे दया मागितली. शेवटचा डस्टिन हिग्ज. त्याच्या खटल्यात प्रत्यक्ष गोळ्या झाडणाऱ्याला जन्मठेप झाली होती. हा क्रम कोणी ठरवून लावला का, यात मला शिरायचं नाही. लीच्या वेळी जे गप्प बसले त्यांच्याकडे बर्नार्डच्या वेळी म्हणायला काय उरलं, एवढंच मी विचारते.

म्हणून बायडन यांचा निर्णय मला अर्धाच वाटतो. २३ डिसेंबर २०२४ ला त्यांनी संघराज्याच्या ४० पैकी ३७ जणांचा देहदंड रद्द करून जन्मठेप दिली. तिघांना वगळलं : रूफ, पिट्सबर्गच्या सिनगॉगमध्ये अकरा जणांना मारणारा रॉबर्ट बॉवर्स आणि बोस्टन मॅरेथॉनच्या बॉम्बस्फोटातला झोखर त्सारनाएव. दहशतवाद आणि द्वेषातून केलेल्या सामूहिक हत्या त्यांनी बाजूला ठेवल्या. त्याआधी जानेवारीत त्यांच्याच न्याय खात्यानं बफलोच्या सुपरमार्केटमध्ये दहा कृष्णवर्णीयांना मारणाऱ्या तरुणासाठी देहदंड मागितला होता. ३७ जीव वाचले, त्याचं मोल मी कमी लेखत नाही. पण याला देहदंडाला विरोध म्हणत नाहीत. ही निवड झाली, आणि निवडीचा अधिकार पुढच्या माणसाच्या हातीही तसाच गेला.

तेव्हा सहकाऱ्याला सांगा : रूफ मरेपर्यंत तुरुंगात राहावा, आणि त्याला मारू नये. हे मोठ्यानं म्हणता येत असेल तरच डेव्हिसचं नाव घ्या.

प्रश्न : हे सगळं बोलायला सोपं आहे. ज्यांचं माणूस गेलं त्यांना विचारा आधी.
— नाव नको, न्यू जर्सी

उत्तर : विचारलेलं आहे, आणि उत्तर एक येत नाही. जेम्स बर्ड यांचा मुलगा २००२ मध्येच हंट्सव्हिलला, मार्टिन ल्यूथर किंग यांचा मुलगा मार्टिन ल्यूथर किंग तिसरा आणि विनोदी कलाकार डिक ग्रेगरी यांच्यासोबत, बापाच्या एका मारेकऱ्याचा देहदंड थांबावा म्हणून उपास धरून बसला होता. बोस्टनला आठ वर्षांचा मुलगा गमावलेल्या आईवडिलांनी २०१५ मध्ये वर्तमानपत्रात लिहून देहदंडाची मागणी सोडा असं सरकारला विनवलं. पुढे वर्षानुवर्षं चालणारी अपिलं त्यांना नको होती. कोरेटा स्कॉट किंग यांचा नवरा, मार्टिन ल्यूथर किंग, खुनात गेला. १९७४ मध्ये त्यांच्या सासूबाईंना चर्चमध्ये ऑर्गन वाजवत असताना गोळ्या घातल्या गेल्या. तो मारेकरी कृष्णवर्णीय होता. त्याला देहदंडाची शिक्षा झाली, किंग कुटुंबाचा त्यालाही विरोधच होता, आणि शेवटी ती शिक्षा जन्मठेपेवर आली.

चार्ल्सटनमध्ये काही नातेवाइकांनी रूफला कोर्टात माफ केलं, ते जगानं पाहिलं. पण माफी म्हणजे देहदंडाला विरोध असं नव्हे, आणि सगळ्यांनी माफही केलं नाही. ज्यांना देहदंड हवा होता त्यांना मी शहाणपण शिकवणार नाही. मात्र शिक्षा नातेवाइकांच्या इच्छेवर ठरवायची, तर ज्याच्यामागे रडायला कोणी नाही त्याच्या खुनाचं काय, हेही तुम्हीच सांगा.

प्रश्न : मला नुकतंच नागरिकत्व मिळालं आणि लगेच ज्यूरीसाठी बोलावणं आलं. मी देहदंडाच्या विरोधात आहे. तसं सांगितलं तर मला काढतील का?
— एक वाचक, जॉर्जिया

उत्तर : खटला देहदंडाचा असेल तरच हे विचारतील. नुसतं तत्त्वतः विरोधात असल्यामुळे काढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९६८ मध्ये सांगितलंय. पुढे १९८५ मध्ये त्यानं कसोटी सैल केली : तुमच्या मतांमुळे कायद्याप्रमाणे कर्तव्य करणं तुम्हाला बरंच अवघड जाणार असेल, तर काढता येतं. या चाळणीतून कृष्णवर्णीय लोक जास्त गळतात, कारण त्यांच्यात विरोध जास्त आहे. त्याखेरीज वकिलांना कारण न देता काही जणांना वगळता येतं. रंगावरून वगळायला १९८६ पासून बंदी आहे. तरी १९८७ मध्ये जॉर्जियातच टिमथी फॉस्टरच्या खटल्यात सरकारी वकिलांच्या यादीत कृष्णवर्णीयांच्या नावांवर हिरवा हायलायटर फिरवलेला होता. ती यादी पुढे बाहेर आली आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याची शिक्षा उलटवली.

तुम्ही खरं तेच सांगा. 'मी विरोधात आहे, पण दोन्ही शिक्षांचा प्रामाणिकपणे विचार करीन' हे तुमच्या बाबतीत खरं असेल, तर ते वाक्य शेवटपर्यंत बोला. निम्म्यावर थांबलात की घरी पाठवतील. खरं नसेल तर बोलू नका, शपथेवर आहात. आणि फार घाबरू नका, तुमच्या वाट्याला बहुधा एखादा चोरीचा नाहीतर गाडी ठोकल्याचा खटला येईल.