समलिंगी पुरुषांमधल्या नैराश्याचं मूळ पैशाची तंगी की समाजाचा त्रास?

दोन्ही, आणि ती वेगळी काढता येत नाहीत. आधी एक गैरसमज दूर करतो. दोघं कमावते, मूलबाळ नाही, म्हणजे मजेत असणार, हे चित्र जाहिरातींनी रंगवलेलं आहे. अर्थतज्ज्ञ ली बॅजेट यांनी 1995 साली अमेरिकेतली आकडेवारी तपासली, तेव्हा शिक्षण आणि अनुभव सारखा असूनही समलिंगी व उभयलिंगी पुरुषांची कमाई इतर पुरुषांपेक्षा 11 ते 27 टक्के कमी निघाली.

संशोधक इलन मायर यांनी 2003 मध्ये मांडलेला 'अल्पसंख्याक ताण' म्हणजे भेदभाव, नाकारलं जाण्याची सततची धास्ती, लपवालपवी आणि स्वतःबद्दलच मनात मुरलेली घृणा. यात तंगीची भर पडली की लपवणं हा पर्याय उरत नाही, सक्ती होते. वेगळं राहायला भाडं परवडत नाही, म्हणून जिथे खरं बोलता येत नाही त्याच घरात राहायचं. नोकरी गेली तर इतरांना भाऊ, मामा, काका हात देतात. इथे उसने मागायचे तर आधी 'लग्न कधी?' याचं उत्तर द्यावं लागतं. (माझ्या मते उपासमारीपेक्षा हा प्रश्न जास्त जणांना गप्प करतो.)

उलटा प्रवाहही आहेच: नैराश्याने रजा वाढतात, काम सुटतं, कर्ज चढतं. त्यामुळे नुसतं समुपदेशन अपुरं पडतं. समुपदेशकाला हप्ते आणि थकलेलं भाडंही सांगा. बरेच जण ते लाजेने वगळतात. जीव नकोसा वाटत असेल, तर मात्र पैशाचा हिशेब नंतर, आज डॉक्टर.