मी केव्हा निवडले?

प्रश्न : आदरणीय फादर, यंदा ईस्टरच्या जागरविधीत माझ्या कार्यालयातील एका मैत्रिणीने स्नानसंस्कार, म्हणजेच बाप्तिस्मा, स्वीकारला आणि मी तिची धर्ममाता, म्हणजे श्रद्धेच्या वाटेवर तिला साथ देणारी, होते. दीड वर्ष ती दर आठवड्याला धर्मशिक्षणाला येत होती. घरच्यांची समजूत काढताना तिने किती सोसले, ते मी जवळून पाहिले आहे. त्या रात्री तिची आई शेवटच्या बाकामागे अखेरपर्यंत उभी होती. एकदाही बसली नाही. संस्कारानंतर आम्ही सर्वांनी पेटत्या मेणबत्त्या हाती घेऊन आपापल्या बाप्तिस्म्याची वचने पुन्हा उच्चारायची होती, पण माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी जन्माने कॅथलिक. महिन्याची असताना माझा बाप्तिस्मा झाला. तिने निवडले, मला आयते मिळाले. मग या श्रद्धेला मी माझी कशी म्हणू? एका प्रार्थनागटातील परिचित सांगतात की, बालपणीचा बाप्तिस्मा खरा नव्हे, तो पुन्हा घ्यावा. शिवाय त्या आईचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.
– एक वाचक भगिनी, वसई

उत्तर : प्रिय भगिनी, परिचितांनी सुचवलेली गोष्ट आधी बाजूला ठेवू. ‘पापांच्या क्षमेसाठी एकच बाप्तिस्मा’ असे आपण श्रद्धांगीकारात, म्हणजे आपली श्रद्धा जाहीर करणाऱ्या प्रार्थनेत, म्हणतो, आणि पाण्याने व पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला बाप्तिस्मा ख्रिस्तसभा पुन्हा देत नाही, मग तो महिन्याच्या बाळाला दिलेला असो वा साठीतल्या गृहस्थाला. तुमचा खरा प्रश्न त्याहून खोल आहे.

तो वाचताना मला पंडिता रमाबाईंपेक्षा त्यांची मुलगी मनोरमा अधिक आठवली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असते. त्याच दिवशी मनोरमेचाही बाप्तिस्मा झाला, हे सहसा कोणी सांगत नाही. ती तेव्हा अडीच वर्षांचीही नव्हती. आईने शास्त्रे पालथी घालून, स्वकीयांचा रोष ओढवून घेऊन निवड केली होती. मुलीला कोणी विचारलेही नव्हते. पुढे मनोरमा परदेशात शिकून परतली, आईच्या शिक्षणकार्यात आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये तिने स्वतःला झोकून दिले आणि १९२१ साली, आईच्या आधी काही महिने, तिचे निधन झाले. तिची श्रद्धा उसनी होती, असे म्हणायला निदान माझी तरी जीभ धजणार नाही.

आता आईकडे पाहा. रमाबाईंनी स्वतःच नंतर लिहून ठेवले आहे की, बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, परंतु त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. त्यासाठी आणखी आठेक वर्षे जावी लागली. इतक्या विचारपूर्वक निवडणाऱ्या बाईची ही कबुली आहे. त्यामुळे तुमच्या मैत्रिणीचे सगळे झाले आणि तुमचे काहीच झाले नाही, हा हिशेब मला पटत नाही. तिलाही उद्या कोरडे दिवस येतील, आणि त्या दिवसांत ती धर्ममाता म्हणून तुमच्याकडेच येईल.

ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारी, बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्या दीक्षार्थींसाठी विशेष प्रार्थना होते तेव्हा, विहिरीवर येशूला भेटलेल्या आणि गावात जाऊन त्याच्याविषयी सांगणाऱ्या शोमरोनी स्त्रीचे शुभवर्तमान वाचले जाते. तुम्हीही त्या वेळी मैत्रिणीच्या शेजारी उभ्या असाल. त्या कथेत आपले लक्ष बहुधा त्या स्त्रीवरच खिळून राहते आणि शेवटी येणारे तिच्या सूखार गावचे गावकरी निसटून जातात. त्यांनी आधी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला. येशू दोन दिवस गावात राहिल्यावर मात्र ते तिला म्हणाले की, आता आमचा विश्वास तुझ्या सांगण्यामुळे नाही, कारण आम्ही स्वतः ऐकले आहे. तिचे सांगणे त्यांनी खोटे ठरवले नाही, आणि त्यावरच थांबलेही नाहीत. तुमच्या बाबतीत ते सांगणारे तुमचे आईवडील होते. त्या रात्री तुमचे शब्द अडले, ते मला या दोन दिवसांपैकी एखादा दिवस असावा असे वाटते. बाळपणी आईवडिलांनी आणि धर्ममातापित्यांनी तुमच्या वतीने दिलेली उत्तरे तुम्ही दरवर्षी सवयीने म्हणत आलात. यंदा पहिल्यांदा प्रश्न ऐकू आला. पवित्र सप्ताहात बिशपांसमोर आम्ही धर्मगुरूही आपली वचने नव्याने उच्चारतो, आणि माझे नुसते ओठ हलले अशी वर्षे मला आठवतात. अडखळणे त्याहून बरे.

अजून उशीर झालेला नाही. चौथ्या शतकात यरुशलेमचे बिशप बाप्तिस्म्याचा गूढार्थ नवदीक्षितांना संस्कार झाल्यावर, ईस्टरच्या आठवड्यात उलगडून सांगत, कारण घेतल्याशिवाय तो कळणार नाही अशी त्यांची धारणा होती. आजही ईस्टरपासून पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या, सणापर्यंतचे पन्नास दिवस त्यासाठीच असतात. मैत्रिणीबरोबर बसून ती वचने एकेक करून वाचा. एखाद्या प्रश्नाला ‘होय’ म्हणता आले नाही, तर तेही तिच्यापासून लपवू नका.

राहिली ती तुमच्या मैत्रिणीची आई. तिच्या दुःखाचे उत्तर माझ्याकडे नाही आणि ते दुःख चुकीचे आहे असेही मी म्हणणार नाही. आपली मुलगी आपल्या देवघरापासून दूर गेली असे वाटत असतानाही ती आली आणि शेवटपर्यंत थांबली. मैत्रिणीची हरकत नसेल, तर तिच्याबरोबर एखाद्या रविवारी त्यांच्या घरी जाऊन या. धर्माचा विषय तुम्ही काढू नका. त्यांनी काढला, तर आधी त्यांचे पूर्ण ऐकून घ्या.