टॉर्क रेंचला एक्स्टेन्शन लावताय? आधी एवढं बघा

टॉर्क रेंच म्हणजे ठरवलेल्या जोराने बोल्ट आवळायचा पाना. सरळ एक्स्टेन्शनला (रेंच आणि सॉकेटच्या मध्ये बसणारा लांब रॉड) घाबरू नका. एका हाताने रेंचचं डोकं धरा, तिरकं होऊ देऊ नका. सेटिंग बदलावं लागत नाही.

खरी गडबड क्रोफूटने (रेंचच्या टोकाला बाजूने लागणारं, उघड्या तोंडाच्या पान्यासारखं डोकं) होते. तो सरळ पुढे लावला की लांबी वाढते आणि बोल्ट जास्त आवळला जातो. समजा, मुठीच्या मध्यापासून रेंचच्या चौकोनी टोकापर्यंत 40 सेंमी आणि तिथून बोल्टच्या मध्यापर्यंत 5 सेंमी. 90 न्यूटन मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) हवेत, तर 90 × 40 ÷ 45, म्हणजे 80 वर लावा. क्रोफूट काटकोनात बसत असेल तर आकडा तोच राहतो. सुरुवातीला असंच बसवा, हिशेबच नको.

नवशिक्यांकडून हमखास होणाऱ्या चुका:
- मूठ सोडून दांडा भलतीकडे धरणं
- ‘टक्’ (ठरवलेला जोर गाठल्याची खूण) झाल्यावरही आणखी एक झटका देणं. हात तिथेच थांबला पाहिजे!