'चेसिंग व्हर्मीर' वर्गात घेताय? मग हे वाचा

डच चित्रकार व्हर्मीरच्या चित्राच्या चोरीवरची ब्लू बॅलिएट यांची ही कादंबरी (२००४) पहिल्यांदाच शिकवणार असाल, तर एकदम सगळे विषय जोडायच्या फंदात पडू नका. गणित आणि चित्रकला पुरे. बाकीचं आपोआप येतं.

सुरुवात कादंबरीतल्या पेंटोमिनोपासून करा. पाच चौरस कडेला कड लावून जोडायचे. वेगवेगळे आकार बाराच होतात. तयार संच देऊ नका, चौकटीच्या वहीत मुलांनाच शोधू द्या. तोच आकार फिरवून किंवा उलटवून 'नवा' म्हणून दाखवणारी मुलं हमखास निघतात. तेव्हा उत्तर सांगू नका, आकार कापून एकावर एक ठेवायला लावा. मग बाराही आकार जोडून ६ × १० चा आयत. त्याच्या २,३३९ रचना आहेत, तरी मुलं अडतात. ३ × २० चा मात्र पहिल्या दिवशी मुळीच देऊ नका, त्याच्या दोनच रचना आहेत!

चित्रासाठी फळ्यावर ४५ सेंटिमीटर उंच, ४० रुंद चौकट आखा. कथेत चोरीला जाणारं 'अ लेडी रायटिंग' एवढंच आहे. पिवळं जाकीट, मोती, लेखणी, उजेड कुठून येतो, हे आधी बघू द्या. व्हर्मीरचं चरित्र नंतर.

'खरंच चोरीला गेलं?' हा प्रश्न येणारच. हे चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये सुखरूप आहे. पण १९९० मध्ये बॉस्टनच्या गार्डनर संग्रहालयातून व्हर्मीरचं 'द कॉन्सर्ट' खरोखर चोरीला गेलं, अजून सापडलेलं नाही. त्यावर बातमी लिहायला द्या, भाषेचा तास तिथेच होतो.