संगणक-शंका : पंचगंगेचे इंच, सभासदांची शून्ये आणि दोन कऱ्हाडे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे स्वतःच्या बळावर पायथॉन ही प्रोग्राम लिहिण्याची भाषा शिकणाऱ्या आणि शिकलेले लगेच रोजच्या कामाला लावू पाहणाऱ्या वाचकांची आहेत. प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत. छपाईच्या सोयीसाठी आज्ञांची नावे देवनागरीत दिली आहेत.

प्रश्न : मी पर्यावरणशास्त्राच्या पदवीवर्गात शिकते. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची जी पाणीपातळी रोज जाहीर होते, ती वर्तमानपत्रांतून टिपून मी एक्सेलमध्ये भरली. ३९ फूट ४ इंच असेल तर मी ३९.४ असे लिहिले. त्यावरून पायथॉनमध्ये आलेख काढला, तर नदी चढत असतानाच्या काळात तो मध्येच एकदम खाली येतो आणि दोन नोंदींनंतर पुन्हा वर जातो. प्रोग्राम तीन वेळा तपासला, परंतु चूक सापडत नाही. ती कोठे असावी?
— एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : आपला प्रोग्राम बरोबर आहे, म्हणूनच त्यात चूक सापडत नाही. आलेख ज्या ठिकाणी खाली येतो, तेथील नोंदी काढून पाहा. ३९ फूट ९ इंचांनंतर पाणी ३९ फूट १० इंचांवर गेले असणार आणि आपण ३९.१० असे लिहिले असणार. एक्सेलच्या लेखी ती दशांश संख्या आहे आणि दशांशात शेवटच्या शून्याला किंमत नसल्यामुळे ती ३९.१ होऊन बसते. त्यापुढील ३९ फूट ११ इंच म्हणजे ३९.११, आणि तीही ३९.२ पेक्षा लहानच. फुटात बारा इंच असतात. दशांशचिन्ह मात्र दहांच्या पटीत मोजते. त्यामुळे दर फुटाला शेवटचे दोन इंच आपल्या आलेखात मागे पडतात. पाणी चढत असो वा उतरत असो, प्रत्येक फुटाला हा खड्डा दिसेल.

चुकीचे कारण सोपे असले, तरी दुरुस्ती तेवढी सोपी नाही. आता आपल्या तक्त्यात ३९.१ असे जेथे आहे, तेथे मूळ पातळी १ इंच होती की १० इंच, हे त्या आकड्यावरून कोणत्याही प्रोग्रामला सांगता येणार नाही, कारण दोहोंतील फरक फाइलमध्ये उरलेलाच नाही. आदल्या व नंतरच्या नोंदींवरून अंदाज बांधता येईल. आधी ३९.९ आणि नंतर ३९.११ असेल, तर मधली नोंद १० इंचांची, हे उघड आहे. परंतु पाणी झपाट्याने चढत असताना, किंवा मधल्या एका दिवसाचे वर्तमानपत्र हाती लागले नसताना, असा अंदाज फसतो. कात्रणे जवळ असतील, तर केवळ ‘.१’ने संपणाऱ्या नोंदी त्यांच्यावरून पुन्हा भराव्यात. जेथे अंदाजच करावा लागेल, तेथे शेजारी एक रकाना करून त्यात ‘अंदाज’ असे नोंदवावे, म्हणजे प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत विचारले गेल्यास उत्तर देता येईल.

पुढील नोंदींसाठी फूट आणि इंच यांचे दोन स्वतंत्र रकाने ठेवावेत. तिसऱ्या रकान्यात फुटांना बाराने गुणून त्यात इंच मिळवावेत आणि आलेख त्या एकूण इंचांचा काढावा. ३९ फुटांची इशारा पातळी ४६८ इंचांवर आणि ४३ फुटांची धोका पातळी ५१६ इंचांवर येते. या दोन आडव्या रेषा आलेखावर अवश्य दाखवाव्यात. अक्षावरील आकडे मात्र पुन्हा फूट-इंचांतच लिहावेत. कोल्हापुरात जुलै महिन्यात कोणीही पाणी मीटरमध्ये विचारत नाही आणि ‘पाचशे सोळा इंच’ असे म्हटले, तर कोणाच्या काळजात धस्स होणार नाही.

नोंदी ‘३९ फूट १० इंच’ अशा मजकुराच्या स्वरूपात असतील आणि त्यांतून आकडे वेगळे काढायचे असतील, तर देवनागरी अंकांची धास्ती बाळगू नये. पायथॉनमधील ‘इंट’ ही आज्ञा देवनागरी अंकांतील मजकुराचीही थेट संख्या करते. काळजी घ्यायची ती ‘४१ फूट’ अशा, इंच न लिहिलेल्या नोंदींची. तेथे इंच शून्य धरावे लागतात, अन्यथा प्रोग्राम त्या ओळीवर अडतो किंवा ती ओळ गुपचूप वगळतो, आणि दुसरा प्रकार अधिक घातक आहे. इंचांच्या रकान्यात ११ पेक्षा मोठा आकडा आला, तर प्रोग्रामने तेथेच थांबून ओरडावे, अशी एक अट घालून ठेवावी. शिवाय पुराच्या दिवसांत आपण एका दिवसाच्या अनेक नोंदी घेतल्या असतील आणि एरवी एकच. म्हणून आडव्या अक्षावर नोंदीचा अनुक्रमांक न घेता दिनांक व वेळ घ्यावी. तसे न केल्यास पुराचे चार दिवस आलेखात महिनाभराएवढे लांब दिसतील.

प्रश्न : आमच्या गावच्या दूध संस्थेत दहा दिवसांचे बिल मी पायथॉनच्या साहाय्याने काढू लागलो आहे. दोन अडचणी आहेत. पहिली अशी की, सभासद क्रमांक ०४५ असेल तर तो ४५ होतो आणि काही सभासदांच्या बँक खात्याच्या क्रमांकातील शेवटचे अंक शून्य झालेले दिसतात. दुसरी अशी की, संगणकाचे बिल आणि आमच्या जुन्या कारकुनांचे वहीतील बिल यांत कधीकधी एका रुपयाचा फरक पडतो. कारकून म्हणतात, वही बरोबर आहे.
— सचिव, दूध उत्पादक संस्था, करवीर तालुका

उत्तर : सीएसव्ही फाइलवर (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकूर फाइलवर) दोनदा टिचकी मारून ती एक्सेलमध्ये उघडली की, जे आकड्यासारखे दिसते त्याला एक्सेल आपणहून संख्या मानते. संख्येपुढील शून्य ते गाळून टाकते. शिवाय एक्सेल संख्येचे पहिले पंधरा अंकच जपते आणि सोळाव्या अंकापासून पुढे सर्वत्र शून्य लिहिते. म्हणून सोळा किंवा अधिक अंकी खाते क्रमांकांचाच घात झाला आहे आणि अकरा-तेरा अंकी क्रमांक शाबूत राहिले आहेत. तशा अवस्थेत फाइल एकदा जतन केली की, गेलेले अंक परत येत नाहीत. सभासद क्रमांकाचे निभावते, कारण तो तीन अंकी आहे हे आपणांस ठाऊक असते; ‘झेडफिल’ या आज्ञेने पुढची शून्ये भरता येतात. खाते क्रमांकांसाठी मात्र मूळ यादीकडेच जावे लागेल, आणि ते काम होईपर्यंत त्या फाइलवरून एकही रक्कम बँकेत पाठवू नये.

एक्सेलमध्ये फाइल थेट न उघडता ‘डेटा’ या विभागातून मजकूर फाइल आयात करावी आणि त्या वेळी हे रकाने ‘टेक्स्ट’ म्हणून निवडावेत. पांडाज या पायथॉनमधील तक्ते हाताळणाऱ्या साधनात फाइल वाचताना ‘डीटाइप’ या सूचनेत सभासद क्रमांक, खाते क्रमांक, भ्रमणध्वनी आणि पिनकोड हे सर्व मजकूर असल्याचे सांगावे. अन्यथा तेथे आणखी एक गंमत होते : क्रमांकांच्या रकान्यात एक जागा जरी रिकामी असली, तरी पांडाज संपूर्ण रकाना दशांश संख्यांचा करून टाकते आणि ४५ क्रमांकाचे सभासद ‘४५.०’ होतात. कोणता रकाना संख्या मानावा, असा संभ्रम पडला, तर त्याची सरासरी काढण्यात काही अर्थ आहे का, एवढे स्वतःला विचारावे. लिटर, फॅट आणि दर यांची सरासरी निघते. खाते क्रमांकांची सरासरी कोणाला हवी आहे?

आता एक रुपयाविषयी. आपले कारकून बरोबर आहेत. शाळेत शिकवल्याप्रमाणे ते अर्धा रुपया आला की वरचा रुपया धरतात. पायथॉनची ‘राउंड’ ही आज्ञा मात्र नेमका अर्धा आला असता जवळच्या सम संख्येकडे वळते, ती ३.५ चे ४ करते, परंतु २.५ चे २ करते. यामागे हेतू आहे : नेहमी वरच वळत राहिले, तर मोठ्या बेरजा हळूहळू फुगत जातात. परंतु सभासदाच्या हातातील बिलाला हे सांख्यिकी शहाणपण कामाचे नाही. याशिवाय ०.१ सारखे साधे अपूर्णांकही संगणकाला द्विमान (केवळ ० आणि १ यांच्या) पद्धतीत अचूक साठवता येत नाहीत, पायथॉनला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली, तर तो ०.३०००००००००००००००४ असे उत्तर देतो. त्यामुळे २.६७५ दोन दशांश स्थळांपर्यंत आणायला सांगितले, तर २.६८ ऐवजी २.६७ मिळतात.

पैशांसाठी म्हणून ‘डेसिमल’ हा दशांश अपूर्णांक अचूक साठवणारा प्रकार वापरावा, त्यात आकडा अवतरणचिन्हांत मजकूर म्हणून द्यावा आणि ‘राउंड हाफ अप’ ही पद्धत निवडावी. तरीही फरक राहिला, तर कारकुनांना एकच गोष्ट विचारावी : पूर्णांक करायचा तो सकाळ-संध्याकाळच्या प्रत्येक पावतीवर, की दहा दिवसांच्या बेरजेवर? दोन्ही रीती चालतात, पण उत्तरे वेगवेगळी येतात. हा निर्णय संस्थेच्या चालत आलेल्या पद्धतीने व्हावा, प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या सोयीने नव्हे. मागील दोन-तीन बिले वहीशी पैसा न् पैसा जुळल्याशिवाय वही बंद करू नये, असे माझे मत आहे.

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या सभासदांची यादी मी गावानुसार मोजली, तर ‘कऱ्हाड’ हे गाव दोनदा आले, एकदा सहा सभासदांसह आणि एकदा चार सभासदांसह. दोन्ही शब्द अक्षरशः सारखे दिसतात. शब्दांपुढील रिकाम्या जागाही काढून पाहिल्या. तसेच अकारविल्हे यादी लावल्यावर क्षीरसागर ‘क’मध्ये येतात.
— ग्रंथपाल, मंगळवार पेठ

उत्तर : दोन्ही शब्दांना ‘लेन’ ही चिन्हे मोजणारी आज्ञा लावून पाहा. एकाची लांबी ६ आणि दुसऱ्याची ७ भरेल. ‘ऱ्ह’मधील र दोन मार्गांनी लिहिता येतो. काही कळफलकांवर ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर टंकित होऊन त्याला हलन्त लागतो. काहींवर साधा र, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह येते. कागदावर दोन्ही एकच, संगणकाला दोन निराळे शब्द. ‘युनिकोडडेटा’मधील ‘नॉर्मलाइज’ ही, एकाच अक्षराची निरनिराळी लेखने एकरूप करणारी आज्ञा अशा वेळी सुचवली जाते, पण ती या दोन लेखनांना एक करत नाही. अदृश्य जोडचिन्ह सरसकट पुसून टाकणे हा उपाय तर रोगापेक्षा वाईट ठरतो, कारण मग र डोक्यावर रफार होऊन चढतो आणि गावाचे नावच बिघडते. र, हलन्त व जोडचिन्ह हा त्रिकूट जेथे जेथे आहे, तेथे ‘ऱ’ व हलन्त घालावा. मोजणी त्यानंतर करावी. गोऱ्हे, वऱ्हाडे अशा आडनावांनाही हीच दुरुस्ती लागू पडेल.

क्रमाविषयी म्हणायचे तर पायथॉन वर्णमाला जाणत नाही. तो युनिकोडमधील, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक संकेतातील, क्रमांक पाहतो. क्ष हा त्याच्या दृष्टीने क, हलन्त आणि ष असल्यामुळे क्षीरसागर हे कोरे यांच्यानंतर आणि खाडे यांच्या आधी येतात. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मधे असल्याने काळे हे कासारांच्या आधी लागतात. मराठी क्रमाप्रमाणे ते नंतर हवेत. ॲ या अक्षराची भर युनिकोडमध्ये २००८ मध्ये पडली आणि त्याला ह च्या पुढील क्रमांक मिळाला, म्हणून नावाआधी ‘ॲड.’ लावणारे सर्व वकील आपल्या यादीच्या तळाशी सापडतील. आयसीयू नावाच्या लायब्ररीत (म्हणजे प्रोग्रामला जोडता येणाऱ्या तयार आज्ञांच्या संचात) मराठीच्या वर्णक्रमाचे नियम उपलब्ध आहेत. ती वापरणे जड वाटत असेल, तर क्रम लावण्यापुरती प्रत्येक नावाची एक प्रत करून तीत ळ, क्ष आणि ज्ञ यांच्या जागी ह नंतर येणारी चिन्हे घालावीत आणि ‘सॉर्टेड’ या क्रम लावणाऱ्या आज्ञेला ती प्रत ‘की’, म्हणजे क्रमाचा आधार, म्हणून द्यावी. मूळ नावांना हात लावू नये.

प्रश्न : पायथॉनने तयार केलेली मराठी सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडली की चित्रविचित्र चिन्हे दिसतात.
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : फाइल लिहिताना एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) ‘यूटीएफ-८-सिग’ असे द्यावे, त्यामुळे फाइलच्या आरंभी पडणाऱ्या खुणेवरून एक्सेलला लिपी ओळखता येते. मात्र मजकूर मुळात युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये टंकित केलेला असेल, तर हा उपाय चालणार नाही. नोटपॅडमध्ये तो मजकूर इंग्रजी अक्षरांच्या कडबोळ्यासारखा दिसला, तर त्या फॉन्टसाठी असलेला परिवर्तकच हवा.

प्रश्न : कारखान्यातील कास्टिंगच्या वजनांचा रोजचा अहवाल बनवणारा माझा प्रोग्राम कधी चालतो, कधी ‘परमिशन एरर’ दाखवतो. काल चालला, आज नाही.
— पर्यवेक्षक, गोकुळ शिरगाव

उत्तर : कालचा अहवाल एक्सेलमध्ये उघडा राहिला आहे का, ते पाहा. विंडोजवर एक्सेलने उघडून धरलेल्या फाइलवर दुसऱ्या प्रोग्रामला लिहिता येत नाही. फाइलच्या नावात त्या दिवसाचा दिनांक घातला की ही अडचण सुटेल आणि जुने अहवालही पुसले जाणार नाहीत. दिनांक आधी वर्ष, मग महिना, मग दिवस या क्रमाने लिहावा, म्हणजे फोल्डरमध्ये अहवाल आपोआप ओळीने लागतील.