जलरंगातल्या फळांच्या टोपल्या

प्रश्न : अमेरिकेतील संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर १८२०-३०च्या सुमारास शाळकरी मुलींनी काढलेल्या फळांच्या टोपल्या पाहिल्या. सगळ्या एकसारख्याच वाटतात. ही निव्वळ नक्कल असेल, तर तिला कलाशिक्षण म्हणावे का?

उत्तर : अवश्य म्हणावे. सारा पिअर्स यांनी १७९२ मध्ये कनेक्टिकटमधील लिचफिल्ड येथे सुरू केलेल्या शाळेसारख्या ठिकाणी मुलींना व्याकरण, इतिहास आणि भूगोलाच्या जोडीने चित्रकला व भरतकामही शिकवले जाई, आणि नमुना समोर ठेवून तो उतरवणे हीच त्या काळी चित्रकला शिकण्याची रूढ वाट होती, युरोपातसुद्धा. इंग्लंडमध्ये रीव्ह्ज बंधूंनी १७८०च्या सुमारास जलरंगांच्या वड्या तयार केल्यानंतर रंग घोटत बसण्याचा खटाटोप उरला नाही, त्यामुळे हौशी हातांची मोठीच सोय झाली.

आपण पाहिलेल्या टोपल्या बहुधा ‘थिअरम’ पद्धतीच्या, म्हणजे कागदात कापलेल्या आकारांतून (स्टेन्सिलांतून) रंग भरून केलेल्या असाव्यात. पुण्याच्या नावावरून ‘पूना पेंटिंग’ म्हणून ओळखली जाणारी पद्धतही याच जातीची. तेल किंवा व्हार्निश लावून पारदर्शक केलेल्या कागदावर नमुना गिरवून फळांचे आकार कापून काढत. शेजारशेजारची दोन द्राक्षे एकाच कागदावर कापली तर मधली कड राहत नाही, म्हणून ती वेगवेगळ्या, क्रमांक घातलेल्या स्टेन्सिलांवर वाटून घ्यावी लागत. मग आखूड, ताठ केसांच्या, जवळजवळ कोरड्या ब्रशने कडेकडून आत रंग घासत यायचे आणि मधला भाग फिका सोडायचा, की द्राक्षाला गोलाई येते. रंग जरा पातळ झाला तर तो स्टेन्सिलखाली झिरपून कड बिघडते. देठ, पानांच्या शिरा आणि वेलीचे तणावे मात्र बहुधा मोकळ्या हाताने काढलेले असतात. चित्र मोठे करून तेवढेच न्याहाळलेत, तर या टोपल्या एकसारख्या नाहीत हे आपल्याला दिसेल, आणि मला तरी त्या मुलींचा खरा हात तिथेच भेटतो.

नमुन्यावरून उतरवण्याच्या त्या काळातही प्रत्यक्ष निसर्गावरून रंगवणाऱ्या स्त्रिया होत्या. मॅसॅच्युसेट्समधील डिअरफिल्ड अकॅडमीत १८१३ ते १८१८ या काळात शिकवणाऱ्या ऑरा व्हाइट यांनी परिसरातील रानफुले समोर ठेवून जलरंगात नेमकेपणाने रंगवली, आणि पुढे पती एडवर्ड हिचकॉक यांच्या अ‍ॅमहर्स्ट कॉलेजातील भूशास्त्राच्या व्याख्यानांसाठी त्यांनी कापडावर मोठाले तक्ते काढून दिले.