वाचकांचे प्रश्न : ईगलचा प्रकल्प मुलाचा की बाबांचा?

प्रश्न : मुलगा सतरा वर्षे चार महिन्यांचा आहे, अमेरिकेतल्या स्काउटिंगमध्ये लाइफ स्काउट, म्हणजे सर्वोच्च ‘ईगल’ पदाच्या एक पायरी खाली. आमच्या देवळाच्या आवारात भाजीसाठी तीन उंच लाकडी वाफे बांधून द्यायचे त्याच्या मनात आहे. ईगलसाठी करावा लागणारा सेवाप्रकल्प म्हणून हे चालेल का? किती तास भरावे लागतात? (एक पालक, न्यू जर्सी)

उत्तर : चालेल. धार्मिक संस्था, शाळा किंवा समाज यांपैकी कोणासाठीही प्रकल्प करता येतो. फक्त तो स्काउट संघटनेच्या स्वतःच्या फायद्याचा नको. तासांची किमान अट नाही. वर्कबुकात, म्हणजे प्रकल्पाच्या नोंदवहीत, तास लिहायचे ते नोंदीपुरते. पाहिले जाते ते हे, की मुलाने योजना आखली का आणि इतरांकडून काम करवून घेतले का. ‘इतर’ म्हणजे त्याच्याखेरीज निदान दोघे. मित्र, शेजारी, आजोबा, कोणीही चालते.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे मंजुरीआधीच कामाला हात घालणे. प्रपोजलवर, म्हणजे प्रकल्पाच्या प्रस्तावावर, देवळाचा प्रतिनिधी, स्काउटमास्टर (मुलाच्या ट्रूपचा, म्हणजे स्काउट गटाचा, प्रमुख), ट्रूप कमिटी आणि डिस्ट्रिक्ट किंवा काउन्सिल (संघटनेची स्थानिक शाखा) अशा चार सह्या लागतात. त्याआधी ठोकलेला खिळा धरला जात नाही. प्रपोजल मात्र तीस पानी करू नका. काम होण्याजोगे आहे, सुरक्षेचा विचार केला आहे आणि पुढची पावले ठाऊक आहेत, एवढे त्यातून दिसले की पुरे. बारीक आराखडा मंजुरीनंतर करायचा.

तो आराखडा मुलाकडूनच करवून घ्या. वाफा ८ फूट लांब, ४ फूट रुंद, १ फूट उंच धरला तर एकाला ३२ घनफूट माती, तिघांना ९६. एका घनयार्डात २७ घनफूट, म्हणजे साडेतीन यार्डांच्या आसपास. बारा इंची म्हणून विकली जाणारी फळी खरे तर सव्वाअकरा इंचच भरते, त्यामुळे माती थोडी कमी लागेल. पण ती पावसात खाली बसते, म्हणून ४ यार्ड सुटी मागवावी. दीड घनफुटी पिशव्या आणल्या तर ६४ उचलाव्या लागतील! आठ फुटी फळ्या प्रत्येक वाफ्याला तीन, एकूण नऊ. एकीचे दोन तुकडे आखूड बाजूंसाठी. विजेवर चालणारी करवत अठराखालच्यांच्या हाती द्यायची नाही, तेव्हा फळ्या दुकानातच कापून घ्या. वाफ्यांशेजारी बाकही करायचा असेल आणि त्यासाठी खांब पुरायचे ठरले, तर खणण्याआधी काही दिवस ८११ ला फोन करून जमिनीखालच्या गॅस आणि विजेच्या वाहिन्यांवर खुणा करून घ्याव्यात.

खरा घोटाळा होतो तो कामाच्या दिवशी. बाबा ड्रिल घेऊन पुढे सरसावतात आणि पोरे पिझ्झाची वाट बघत उभी राहतात. टोळ्या कोणत्या, कोणाकडे कोणते काम, हे मुलानेच सकाळी सांगायला हवे. तुम्ही माती ओढा.

वेळेचे म्हणाल तर लाइफ झाल्यावर सहा महिने ट्रूपमध्ये जबाबदारीचे पद सांभाळावे लागते. ते अजून घेतले नसेल, तर हातातले आठ महिने काठोकाठ आहेत. २१ मेरिट बॅज (एकेका विषयातल्या कौशल्याचे बिल्ले) आणि प्रकल्प अठराव्या वाढदिवसाआधी पुरे व्हायला हवेत. बोर्ड ऑफ रिव्ह्यू, म्हणजे शेवटची मुलाखत, मात्र नंतर झाला तरी चालतो.

प्रश्न : सातारा जिल्ह्यातल्या आजोबांच्या गावच्या शाळेला पैसे जमवून पाठवले तर? (एक आई, टेक्सास)

उत्तर : परदेशातल्या शाळेला हरकत नाही, पण नुसता निधी गोळा करणे हा प्रकल्प ठरत नाही. पैसे उभे करता येतात ते साहित्यापुरते. तिथल्या मुख्याध्यापकांशी बोलून गणिताची साधने ठरवा, म्हणजे अपूर्णांकांच्या चकत्या, कोन मोजायच्या पट्ट्या असे काही, आणि ती दहा-बारा मुलांकडून इथे बनवून घ्या. मग त्यात नेतृत्व आले. लाभार्थी म्हणून सह्या त्या शाळेच्याच लागतील, सुरुवातीला आणि शेवटीही. पैसे घरचे, नातेवाइकांचे, ट्रूपचे किंवा शाळेचे असतील तर वेगळा अर्ज नको. बाहेरून मागणार असाल तर काउन्सिलचा निधी-अर्ज आधी मंजूर करून घ्यावा. उरलेले पैसे शाळेला जातात, ट्रूपच्या खात्यात नाही.

प्रश्न : मुलीला ईगल मिळतो का? (एक वाचक)

उत्तर : २०१९ पासून मुलींनाही हा मार्ग खुला आहे, अटी त्याच. गर्ल स्काउट्स ही वेगळी संघटना. तिचा सर्वोच्च सन्मान, गोल्ड अवॉर्ड, वेगळा आणि त्यासाठी साधारण ८० तास सुचवलेले आहेत.